अलिबागची चुंबकीय वेधशाळा: कोकणात चिरा सोडून पोरबंदरी दगड कशाला?

खाडीकाठ

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेबद्दल जिथे वाचावं तिथे तेच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं काम १९०४ साली अलिबागला हलवलं आणि इमारत पोरबंदरच्या दगडाची बांधली. पुढे कुणी काही सांगत नाही.

माझे प्रश्न तीन. ट्रामचा त्रास नेमका किती होता? दगड थेट काठेवाडातून कशाला आणायचा, कोकणात चिऱ्याला तोटा आहे का? आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नसताना नुसत्या टांगलेल्या चुंबकावरून रात्रंदिवस आलेख निघायचा तो कसा? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' छापाच्या प्रतिसादांसाठी दुसरे धागे आहेत.

पितळी_स्क्रू

ट्रामपासून सुरुवात करतो.

ट्राम चालायची डीसी विजेवर. वरच्या तारेतून वीज गाडीत यायची आणि रुळांतून परत जायची. सगळी वीज रुळांतूनच परत गेली असती तर जाणारा आणि येणारा प्रवाह बराचसा एकमेकांना मारतो, लांबवर फारसं काही उरत नाही. पण रूळ जमिनीत गाडलेले, मधले सांधे सैल, जमीन ओली. त्यामुळे थोडा प्रवाह रूळ सोडून जमिनीतून वाट काढतो आणि त्याला काटशह द्यायला जोडीचा प्रवाह नसतो. खरं दुखणं हे.

हिशेब सोपा आहे. लांब सरळ तारेभोवतीचं क्षेत्र नॅनोटेस्लात (चुंबकीय क्षेत्राचं बारीक एकक) हवं असेल तर २०० गुणिले अँपिअर भागिले मीटर. जमिनीत सुटलेला १० अँपिअरचा प्रवाह १ किलोमीटरवर २ नॅनोटेस्ला देतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शांत दिवशी मुंबई-अलिबाग पट्ट्यात क्षैतिज घटकाचा (क्षेत्राच्या आडव्या भागाचा) सगळा रोजचा चढउतारच काही दशक नॅनोटेस्लांचा. त्यात गाडी सुटली की एक झटका, थांबली की दुसरा. आलेखाच्या रेघेला केस फुटल्यासारखी दिसते.

मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ ला. म्हणजे बिऱ्हाड तीन वर्षं आधीच हललं होतं, आणि ते मुद्दाम. संचालक होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस, १८९६ पासून, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. दोन जागांत ३० किलोमीटरच्या आसपास अंतर, त्यामुळे मूळ आकडेच वेगळे. तो फरक दोन वर्षं मोजून घेतल्यामुळे कुलाब्याची १८४६ पासूनची मालिका अलिबागच्या मालिकेला जोडता आली. आधी ट्राम येऊ दिली असती आणि मग हलले असते, तर साठ वर्षांच्या नोंदी अर्ध्यावर तुटल्या असत्या.

हे एकट्या मुंबईचं नाही. टोरांटोची वेधशाळा १८९८ ला याच कारणाने गावाबाहेर गेली, लंडनजवळच्या क्यूचं चुंबकीय काम स्कॉटलंडात एस्कडेलम्यूरला गेलं, पोट्सडामचं आधी झेडिनला आणि तिथूनही पुढे निमेकला.

तांबडी_माती

दगडाचं मी सांगतो, कारण यात लोक हमखास चुकतात.

कोकणात बांधकामाला दोनच दगड सहज मिळतात, काळा दगड आणि चिरा, म्हणजे जांभा. काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइटच्या जातीचे बारीक कण असतात आणि लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्यांत कायमची गोठलेली असते. म्हणजे प्रत्येक चिपेत एक दुबळा चुंबक. जांभा म्हणजे त्याच बेसॉल्टचं लाखो वर्षं पावसात धुऊन उरलेलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. तांबडा रंग हेमेटाइटचा, तो चुंबकीयदृष्ट्या दुबळा. पण त्यासोबत मॅगहेमाइटही असतो, आणि तो दुबळा नाही. चिरेखाणीतल्या भुकटीतून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवून बघा, काळ्या मिशा उगवतात.

पोरबंदरच्या दगडाला लोक वालुकाश्म म्हणतात, पण तो मुळात चुनखडीच. शिंपल्यांचे आणि सूक्ष्म समुद्री जिवांच्या कवचांचे कण चुन्यानेच चिकटलेले. त्यात लोहखनिज जवळजवळ नाही. शिवाय करवतीने कापता येतो आणि मुंबईच्या बांधकामांत तो आधीपासून वापरात होता, त्यामुळे गलबतांनी आणायची वाट मळलेली होती.

एका दगडाचा हिशेब देतो. ३० बाय २० बाय २० सेंटिमीटरचा बेसॉल्टचा ठोकळा म्हणजे ०.०१२ घनमीटर. घनमीटरमागे चुंबकत्व २ एकक (अँपिअर-चौरसमीटर, पुढेही तेच) धरलं (बेसॉल्टला हे काही जास्त नाही) तर त्याच्या अक्षावर १ मीटरवर जवळजवळ ५ नॅनोटेस्ला क्षेत्र. २ मीटरवर ०.६. एका ठोकळ्याचे! भिंतीत असे शेकडो, प्रत्येकाचं तोंड गवंड्याने बसवलं तिकडे.

दगड टाळून विटा लावू म्हणाल तर तेही नाही. वीट आणि मंगलोरी कौल भट्टीतून निघून थंड होताना बेसॉल्टसारखंच चुंबकत्व पकडतात. किनाऱ्यावरची काळी रेती तर विसराच, रत्नागिरीकडच्या काळ्या रेतीत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट भरलेलं असतं.

भरती_ओहोटी

थांबा जरा. अलिबाग अख्खं बसलंय बेसॉल्टवर. खाली शेकडो मीटर काळा दगड आणि वर भिंत पोरबंदरी, म्हणजे ताडपत्री अंथरून समुद्रात बसण्यासारखं नाही का हे?

तांबडी_माती

रास्त शंका. दोन गोष्टी आहेत.

पहिली, वेधशाळेला बदल मोजायचा असतो. खालचा खडक जे काही देतो ते आज, उद्या, शंभर वर्षांनी तेवढंच. एक ठरलेली बेरीज, बस. भिंतीचं तसं नाही. दुपारी तापते, रात्री निवते, आणि खडकाचं चुंबकत्व तापमानाबरोबर थोडं हलतं. त्यात डागडुजी होते, एखादा दगड बदलतात, की बेरीजच बदलली.

दुसरी गोष्ट उताराची, म्हणजे एक मीटर सरकल्यावर क्षेत्र किती बदलतं याची. खोलवरच्या मोठ्या थराचा उतार मंद असतो, शेजारच्या भिंतीचा तीव्र. उतार मीटरला १० नॅनोटेस्ला असला आणि उपकरण या खेपेला १० सेंटिमीटर बाजूला लागलं, की १ नॅनोटेस्लाची चूक पदरात. ती कुठून आली हे कुणाला कळतही नाही. म्हणून मोजणीचा खांब आणि त्याच्याभोवतीच्या चार-पाच मीटरांचा सोवळेपणा पाळायचा.

पितळी_स्क्रू

बरोबर. आणि सोवळं दगडावर संपत नाही. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, खिळे, स्क्रू, सगळं तांब्याचं नाहीतर पितळेचं. पितळ घेतानाही तपासून, कारण भंगारातून ओतलेल्या स्वस्त पितळेत लोखंडाचा कीस राहतो. परीक्षा अशी: वस्तू टांगलेल्या सुईजवळ न्यायची, फिरवायची, दूरदर्शकातून बघायचं. सुई हलली की ती वस्तू बाद.

माणसाचंही तसंच. खिशातला चाकू, किल्ल्या, चपलेचे खिळे, पट्ट्याचं बक्कल, छत्रीच्या काड्या. ०.१ एककाचा चाकू १ मीटरवर २० नॅनोटेस्ला देतो, २ मीटरवर अडीच, ३ मीटरवर पाऊण. अंतराच्या घनाने पडतं, त्यामुळे दोन पावलं मागे सरकलात तरी पुष्कळ.

सुरुबन

आलेख कसा निघायचा ते राहिलं, ते मी घेते.

खोली अंधारी, तीही खोलीच्या आत खोली अशी दुहेरी भिंतीची, म्हणजे दिवस-रात्रीचं तापमान आत पोचेपर्यंत सपाट झालेलं असतं. आत तीन उपकरणं.

पहिलं दिक्पाताचं, म्हणजे चुंबकाची उत्तर खऱ्या उत्तरेपासून किती कोनात आहे त्याचं. एका धाग्यावर चुंबक आडवा टांगलेला, तो उत्तर-दक्षिण राहतो. चुंबकाला छोटा आरसा. दिव्याचा झोत फटीतून आरशावर, तिथून परतून समोरच्या फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या ब्रोमाइड (फोटोच्या) कागदावर. नळकांडं घड्याळावर २४ तासांत एक फेरा घेतं. शेजारी भिंतीला पक्का बसवलेला दुसरा आरसा असतो, तो त्याच कागदावर सरळ रेघ मारतो. हीच पायारेघ. हलती रेघ आणि पायारेघ यांच्यातलं अंतर मोजायचं. कागद वाकडा लागला तरी बिघडत नाही, कारण दोन्ही रेघा एकत्रच वाकड्या जातात.

एक मजेशीर आकडा. ला कूर पद्धतीच्या मांडणीत आरसा ते कागद अंतर १७२ सेंटिमीटर ठेवतात. आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, त्यामुळे या अंतरावर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १ कोनीय मिनिट. पट्टी लावा, वाचा, गुणाकार नाही. आपल्याकडे क्षैतिज क्षेत्र साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला, म्हणजे तो १ मिलिमीटर पूर्व-पश्चिम दिशेने ११ नॅनोटेस्लांचा.

दुसरं क्षैतिज घटकाचं. चुंबक उत्तर-दक्षिण राहिला तर ताकद वाढली काय नि घटली काय, तो जागेवरून हलणार नाही. म्हणून धाग्याला पीळ देऊन, किंवा दोन समांतर धाग्यांनी टांगून, चुंबकाला जबरदस्तीने पूर्व-पश्चिम उभा करतात. आता एका बाजूने पीळ ओढतोय, दुसऱ्या बाजूने पृथ्वी. क्षेत्र कमीजास्त झालं की तोल सरकतो.

तिसरं उभ्या घटकाचं, म्हणजे लॉइडची तराजू. चुंबकच तराजूची दांडी, अकीकाच्या पाटावर धारेने टेकलेली. तिन्हींत हेच सगळ्यात रडकं. धारेवर धुळीचा कण बसला किंवा गंजाचा ठिपका आला की दांडी अडखळते आणि रेघेत पायऱ्या दिसतात. चुंबकीय वादळाची (सूर्यामुळे क्षेत्रात उठणाऱ्या गडबडीची) उडी बाकीच्या रेघांतही त्याच वेळी दिसते, ही पायरी एकट्या याच रेघेत, त्यामुळे सरावलेल्या डोळ्याला फरक लगेच कळतो.

खाडीकाठ

वा, हे हवं होतं. पण आपल्याकडचा पावसाळा? जूनमध्ये पापड मऊ पडतो, तिथे रेशमाचा धागा काय करत असेल?

सुरुबन

पापडासारखंच. रेशीम हवेतलं पाणी पितं, फुगतं आणि पीळ सोडतं किंवा घेतं. चुंबक फिरला की धागा फिरला हे रेघेवरून सांगता येत नाही. यावर उतारा मिळाला १८८७ मध्ये. चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी वितळत्या क्वार्ट्झचं टोक बाणाला चिकटवून धनुष्यातून बाण सोडला आणि मागे केसाहून बारीक तंतू निघाला. क्वार्ट्झ पाणी पीत नाही आणि पिळून सोडलं की बरोबर जागेवर येतं. तोटा एकच, ठिसूळ. बसवताना तुटतो, आणि नवा बसवला की मापनाचा आकडा पुन्हा पहिल्यापासून काढायचा.

बाकी पावसाळी त्रास: आरशाची चांदी काळी पडते, भिंगावर बुरशीचं जाळं धरतं (झोत पसरतो, रेघ जाड होते). म्हणून पेटी बंद ठेवून आत कॅल्शियम क्लोराइड. ते पाणी पिऊन पातळ झालं की बदलायचं, आणि बशी खोल हवी, नाहीतर ओघळ पितळ खातो. ब्रोमाइड कागद धुताना ताणतो, वाळताना आकसतो, आणि आडवा-उभा सारखा आकसत नाही. त्यामुळे तासाच्या खुणा कागदावर प्रकाशानेच मारलेल्या हव्यात. नंतर पेन्सिलने आखलेल्या चालत नाहीत.

तापमानाचं विसरू नका. पोलादी चुंबक अंशाला दोन दशसहस्रांश जरी मंदावला तरी ३८ हजारांवर साडेसात नॅनोटेस्ला होतात. दुहेरी भिंत उगाच नव्हती.

गलबत

वाचतोय. १८५९ चं सूर्यवादळ कुलाब्याने पकडलं म्हणतात ते या फोटोच्या कागदावर का?

पितळी_स्क्रू

नाही, आणि तेच बरं झालं! १ सप्टेंबर १८५९ ला कॅरिंग्टन यांनी लंडनजवळून सूर्यावरची चमक पाहिली, साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आलं. युरोपात फोटोची यंत्रं होती, पण रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला तेव्हा माणूस दूरदर्शकातून पट्टी वाचत होता. नेहमी ठरावीक वेळाने, गडबड दिसली की थोड्या थोड्या मिनिटांनी. पट्टी सरकली तरी माणूस वाचत राहतो. क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याची ती नोंद आहे, म्हणजे एकूण क्षेत्राच्या चार टक्के. २००३ साली ती नव्याने अभ्यासली गेली, तेव्हा जगाचं लक्ष कुलाब्याकडे गेलं. तुलनेला, १०-११ मे २०२४ च्या मोठ्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लांच्या घरात होता.

भरती_ओहोटी

सगळं फरकाचंच चाललंय. ३८ हजार हा पूर्ण आकडा कुठून आला? तो काय पट्टीवर छापलेला असतो?

पितळी_स्क्रू

कळीचा प्रश्न. गाउसने १८३२ मध्ये सोडवला, वेगळ्या खोलीत आठवड्यातून काही वेळा करायचं काम.

गोम अशी की चुंबकाची ताकद आणि पृथ्वीचं क्षेत्र, दोन्ही अज्ञात. म्हणून दोन प्रयोग. पहिल्यात चुंबक टांगून हलकेच झुलवायचा आणि झोक्याचा काळ मोजायचा, यातून दोघांचा गुणाकार मिळतो. दुसऱ्यात तोच चुंबक आडव्या दांडीवर ३० आणि ४० सेंटिमीटरवर ठेवून मधली छोटी सुई किती वळते ते बघायचं, यातून भागाकार. गुणाकार आणि भागाकार हातात आले की दोन्ही अज्ञात सुटतात.

करताना: आधी चुंबकाच्या जागी तेवढ्याच वजनाचा पितळी दांडा टांगून धाग्याचा पीळ पूर्ण उतरू द्यायचा, घाई नाही. झोका काही अंशांच्या आत, मोठा झाला तर काळ वाढतो. एक झोका मोजायचा नाही, शंभर मोजायचे आणि भागायचं. वळणाच्या प्रयोगात चुंबक पूर्वेला, पश्चिमेला, मग टोकं उलटी करून पुन्हा दोन्हीकडे, अशी चार वाचनं, म्हणजे चुंबकाचा मध्य दांडीच्या खुणेवर बसला नसेल तर ती चूक कटते.

चूक किती महाग ते बघा. झोक्याच्या काळात हजारात एक चूक म्हणजे निकालात ३८ नॅनोटेस्ला. ३० सेंटिमीटरच्या अंतरात ०.१ मिलिमीटर चुकलं तर १९. पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी!

आता हे काम प्रोटॉन मॅग्नेटोमीटर करतो, १९५४ ची पॅकार्ड आणि व्हेरियन यांची कल्पना. बाटलीत चक्क रॉकेल, भोवती तारेचं वेटोळं. प्रवाह देऊन प्रोटॉन वळवायचे, प्रवाह तोडायचा, ते डोलत परत येतात त्याची वारंवारता मोजायची. १ हर्ट्झला २३.४९ नॅनोटेस्ला. आपल्याकडे एकूण क्षेत्र ४३ हजारांच्या आसपास, म्हणून सूर १८३० हर्ट्झचा, कानाला ऐकू येणारा. ना धागा, ना तापमान, ना पीळ. मात्र तो एकूण ताकदच सांगतो, दिशा नाही.

गलबत

शाळेत करता येईल असं काही? आठवी-नववीच्या मुलांसाठी, खर्च पाचशेच्या आत. शाळा रत्नागिरी तालुक्यातली, इमारत चिऱ्याची.

सुरुबन

होईल. दिक्पाताचं उपकरण करा, ते सगळ्यात सोपं.

३ मिलिमीटर जाड, १० मिलिमीटर लांब निओडिमियमची कांडी. तिला १ सेंटिमीटरचा पातळ आरसा चिकटवा. काचेच्या उंच बरणीत ३० सेंटिमीटर धाग्याने टांगा. बरणीला झाकण हवंच, पंख्याचा वारा चुंबकीय वादळापेक्षा मोठा असतो. झाकण प्लास्टिकचं, लोणच्याच्या बाटलीचं पत्र्याचं नको.

धाग्यात लोक मार खातात. पिळाची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते, जाडी निम्मी केली की पीळ सोळापट दुबळा. मासेमारीची ०.१ मिलिमीटरची तंगूस वापरलीत तर धागा १० अंश वळल्यावर रेघ सातेक मिनिटं सरकते, आणि दिवसभरात पृथ्वी स्वतः त्याहून कमी हलते. म्हणजे तुम्ही दमट हवा मोजाल. कोषाच्या रेशमाचा एकच पदर काढा. कांडी अर्ध्या ग्रॅमची आहे, पेलतो.

लेझर पॉइंटर आरशावर, ठिपका भिंतीवर. अंतर १७२ सेंटिमीटर ठेवा, १ मिलिमीटर म्हणजे १ मिनिट. खोली लांब असेल तर ३४४, म्हणजे १ मिलिमीटरला अर्धं मिनिट. पॉइंटरमध्ये पोलादी स्प्रिंग आणि सेल असतात, तो बरणीपासून किमान एक मीटर लांब आणि पक्का बांधलेला. हातात धरून नाही. आणि ठिपका मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नका.

तांबडी_माती

चिऱ्याच्या भिंतीचं टेन्शन घेऊ नका, मोजायचा बदल आहे. फक्त बरणी भिंतीला चिकटून ठेवू नका, खोलीच्या मध्ये लाकडी टेबलावर. टेबलाचे खिळे लोखंडी असतील तर एकवेळ चालतील, पण ते टेबल नंतर सरकवायचं नाही.

गलबत

केलं. ठिपका सेकंदाला तीन-चार वेळा थरथरतो, वाचताच येत नाही. रस्त्यावरून डंपर गेला की दोन मिनिटं नाच. बरणीत पाणी भरू का?

सुरुबन

पाणी नको, आरसा धुरकटतो आणि धागा भिजतो. कांडीच्या खाली ४-५ मिलिमीटरवर तांब्याची जाड चकती ठेवा, ३ मिलिमीटर तरी. चुंबक हलला की तांब्यात भोवरे-प्रवाह उठतात आणि तेच त्याला ब्रेक लावतात. चुंबक स्थिर असताना तांबं काहीच करत नाही, त्यामुळे वाचन बिघडत नाही. घरातलं तांब्याचं ताम्हन पालथं घातलं तरी चालतं, फार पातळ नसावं.

गलबत

ताम्हनाने थरथर थांबली. आता तीन दिवसांच्या नोंदी आहेत. सकाळी एका बाजूला जाऊन दुपारी परत येतो, तीनेक मिलिमीटर. पण रोज सकाळी सव्वादहाला एकदम दीड मिलिमीटरची पायरी पडते आणि पाचला तेवढीच उलट. हे सूर्याचं का?

पितळी_स्क्रू

सूर्य घड्याळ बघून पायरी पाडत नाही, आणि पाचला तेवढीच परत तर मुळीच देत नाही. दीड मिलिमीटर म्हणजे १६-१७ नॅनोटेस्ला. एखाद्या गाडीचं चुंबकत्व १०० एकक धरलं तर १० मीटरवर २० भरतात. सव्वादहाला शाळेत कोण येतं आणि गाडी खिडकीखाली कुठे लावतं ते बघा. २० मीटरवर लावायला सांगा, अडीच उरतील. ४० वर ०.३.

गलबत

मुख्याध्यापकांची गाडी. सांगायचं कुणी?

खाडीकाठ

बरणीच हलवा हो, ते सोपं पडेल. नवी जागा घेतलीत की पायारेघ पुन्हा काढा आणि वहीत तारीख टाका. जुन्या नोंदी खोडू नका. आणि जमलं तर मूस यांनी केलं तसं करा, आठवडाभर दोन बरण्या दोन्हीकडे चालवा.